बाजदार सम्राट

इसवी सन १२४८ च्या फेब्रुवारी महिन्यातील अठरावा दिवस उजाडला तेव्हा उत्तर इटलीतील पार्मा शहराला पडलेल्या वेढ्यास सात-आठ महिने होऊन गेले होते, शहरातील धान्याची कोठारे रिती होत चालली होती, आणि आता प्रश्न फार तर काही आठवड्यांचाच उरला आहे अशी ज्याच्या मनाची खात्री झाली होती तो रोमन साम्राज्याचा अधिपती दुसरा फ्रेडरिक आपले ससाणे, आपले बाजदार आणि मोजके स्वार बरोबर घेऊन सकाळीच शिकारीस बाहेर पडला. वेढ्यासाठी त्याने नुसत्या राहुट्या ठोकल्या नव्हत्या. पार्मा पडल्यावर ते शहर जमीनदोस्त करून त्याच्या जागी आपल्या विजयाचे स्मारक म्हणून नवे नगर वसवावे या हेतूने त्याने तट, वेशी, बाजारपेठ आणि देऊळ यांसह एक लाकडी शहरच उभे केले होते, आणि विजय पदरात पडण्यापूर्वीच त्याचे नाव ‘व्हिट्टोरिया’, म्हणजे विजयनगर, असे ठेवून दिले होते. त्या नावाची नाणीही पाडली गेली होती.

सम्राट छावणीत नाही हे पार्माकरांना कळले. शहराची एक वेस उघडली, सैन्याची एक तुकडी बाहेर पडून दूरच्या दिशेने दौडत सुटली, छावणीतील मुख्य फौज तिच्या पाठलागास लागली, आणि अशा रीतीने उघड्या पडलेल्या त्या लाकडी विजयनगरावर उपासाने जर्जर झालेले सारे शहर, बायकामुलांसकट, तुटून पडले. सम्राट परतला तो आगीचे लोळ पाहण्यासाठीच. तीन वर्षांपूर्वी लिऑनच्या धर्मपरिषदेत पोपसमोर ज्याने त्याची वकिली केली होती तो तादेओ दा सुएस्सा मारला गेला. खजिना गेला, शिक्के गेले, साम्राज्याचा राजमुकुट गेला. तो मुकुट राखेतून उचलणाऱ्या ठेंगण्या माणसाला लोक ‘कोर्तोपासो’, म्हणजे आखूड पावलांचा, म्हणत असत. पार्माचाच रहिवासी असलेला सालिम्बेने नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी आपल्या बखरीत सांगतो की, तो मुकुट आपण हातात घेऊन पाहिला होता, आणि तो एखाद्या हंड्याएवढा मोठा होता. सम्राट मूठभर स्वारांनिशी निसटून क्रेमोनाला पोचला.

या लुटीत एक ग्रंथही होता. सोन्यारुप्याने मढवलेला, चित्रांनी नटलेला, आणि सम्राटाने जवळजवळ तीस वर्षे साहित्य जमवून स्वतः रचलेला. त्याचे नाव ‘पक्ष्यांकरवी शिकार करण्याची कला’. ज्या छंदापायी सम्राट त्या सकाळी छावणीबाहेर होता त्या छंदाचेच ते शास्त्र होते.

शिकारीच्या नादाने राज्य घालविले असा ठपका फ्रेडरिकवर त्याच्या हयातीतच ठेवला गेला, आणि पुढील काळातील कित्येकांनी तोच कायम केला. मला हा निवाडा अपुरा वाटतो. पार्मा त्याने ससाण्यांपायी गमावले हे खरे. परंतु युरोपातील एक सत्ताधीश ग्रंथांतील वचनांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावयास कोठे आणि कसा शिकला, हे विचारू लागलो की वाट त्या ससाण्यांपाशीच येऊन थांबते.

फ्रेडरिकचा जन्म २६ डिसेंबर ११९४ रोजी इटलीतील येसी या गावी झाला. बाप जर्मन सम्राट, आई सिसिलीच्या नॉर्मन राजघराण्यातील. तीन वर्षांचा होण्याच्या आत बाप गेला, चौथे वर्ष पुरे होण्यापूर्वी आई गेली, आणि पोप तिसरा इनोसंट याच्या पालकत्वाखाली, परंतु प्रत्यक्षात भांडणाऱ्या सरदारांच्या तावडीत, हे पोर पालेर्मोच्या राजवाड्यात वाढले. पालेर्मो त्या काळी लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांचे नगर होते. दफ्तरात तिन्ही लिप्या चालत, बाजारात तिन्ही धर्म भेटत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला ज्ञान हे कोणा एका धर्माचे वतन नाही ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नसावी. १२२० मध्ये रोम येथे त्याला सम्राटपदाचा अभिषेक झाला, १२२४ मध्ये त्याने नेपल्स येथे विद्यापीठ स्थापिले, आणि १२३१ मध्ये सिसिलीच्या राज्यासाठी कायद्यांची संहिता जारी केली.

ससाण्यांकरवी शिकार ही विद्या काही त्याने शोधून काढली नाही. मध्य आशियाच्या गवताळ पठारांवर जन्मून ती पूर्वेस चीनपर्यंत आणि पश्चिमेस इराण, अरबस्तान आणि युरोप येथवर पसरली होती. आपल्याकडेही ती जुनी आहे. फ्रेडरिकच्या जन्माआधी सुमारे पासष्ट वर्षे, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘श्येनविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातील गीतप्रकरणात सापडणाऱ्या मराठीच्या जुन्या ओळींमुळे. परंतु बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो छापला गेल्यापासून कोणालाही त्यातील श्येनविनोद वाचता येतो. सोळाव्या शतकात कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने ‘श्यैनिकशास्त्र’ हा संपूर्ण ग्रंथच याच विषयाला वाहिला. मोगल दरबारांत या विद्येची फारसी परिभाषा रूढ झाली, आणि बाज, बहिरी, शाहीन, चरग, शिक्रा ही नावे आपल्या कानांवर आली ती त्याच वाटेने. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि बलवान असते, म्हणून शिकारीत मान तिचा. हिंदुस्थानातील बाजदार तर ‘बाज’ म्हणत मादीलाच, आणि नराला निराळे नाव देत, ‘जुर्रा’.

सोमेश्वर आणि फ्रेडरिक यांची तुलना करण्याचा मोह होतो, कारण दोघेही मुकुटधारी ग्रंथकार आणि दोघेही बहुश्रुत. परंतु सोमेश्वराला राजाचे अवघे जीवन कवेत घ्यावयाचे होते. पाकशाळेपासून गजशाळेपर्यंत सर्व विषयांत श्येनविनोद हा त्याचा एक विषय. फ्रेडरिकने एकच विषय धरला आणि तो तळापर्यंत खणला.

१२२८ मध्ये तो धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघाला, तोही पोपने बहिष्कृत केलेल्या अवस्थेत. इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी त्याने वाटाघाटी केल्या, वकिलांची ये-जा चालू ठेवली, आणि १२२९ च्या फेब्रुवारीत तह करून एकही लढाई न देता जेरुसलेम मिळविले. ख्रिस्ती जगाने या तहाची निंदा केली, मुसलमानी जगानेही केली. परंतु या प्रवासातून सम्राटाने जे आणले त्यात तहनाम्याइतकीच मोलाची एक क्षुद्र दिसणारी वस्तू होती: ससाण्याच्या डोळ्यांवर घालावयाची चामड्याची टोपी. आपल्या ग्रंथात त्याने स्पष्ट नमूद केले आहे की ही टोपी पूर्वेकडील लोकांचा शोध आहे, आपण ती अरबांकडून घेतली, तिचा उपयोग स्वतः करून पाहिला, तिच्यात सुधारणा केली, आणि समुद्राच्या अलीकडील लोकांनी ती आपल्यापासून घेतली. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन मग आपले तेवढे मागणारा हा प्रामाणिकपणा त्या काळच्या राजेलोकांच्या लिखाणात विरळा आहे. अरबांकडून केवळ टोपीच आली असे नव्हे. ‘मोआमिन’ या नावाने ओळखला जाणारा पक्षिवैद्यकाचा अरबी ग्रंथ त्याने अंत्युखियाच्या थिओडोर नामक आपल्या दरबारी पंडिताकडून लॅटिनमध्ये उतरवून घेतला आणि फाएन्झाच्या वेढ्यात मुक्काम असताना ते भाषांतर स्वतः तपासून दुरुस्त केले. सुलतानाकडून नजराणा म्हणून आलेला एक पांढरा काकाकुवाही त्याच्या दरबारी होता. त्या पक्ष्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या बेटांवर, आणि तेराव्या शतकातील हस्तलिखितात त्याची चित्रे आढळावीत हे मोठे नवल होय.

आता या विद्येचे जरा जवळून दर्शन घेऊ. ते घेतल्यावाचून सम्राटाच्या ग्रंथाचे मर्म उमगावयाचे नाही.

घोडा, कुत्रा, हत्ती ही कळपात राहणारी जनावरे. कोणाचे तरी ऐकणे ही त्यांची उपजत वृत्ती, आणि माणूस फार तर त्यांच्या म्होरक्याची जागा घेतो. ससाणा एकटा जगतो. त्याला धनी नाही, म्होरक्या नाही, आणि म्हणून आज्ञा ही वस्तूच त्याला ठाऊक नाही. त्याला मारून काही शिकविता येत नाही, कारण मार आणि चूक यांचा संबंध तो जोडीत नाही. तो फक्त मारणाऱ्या हाताचे भय लक्षात ठेवतो, आणि एकदा मोकळ्या आकाशात सोडला की त्या हाताकडे कधीही परत येत नाही. शिकारीसाठी तर त्याला दररोज मोकळे सोडावेच लागते. म्हणजे ज्याच्यावर कसलीही सक्ती चालत नाही अशा प्राण्याने, सर्व दिशा मोकळ्या असताना, आपण होऊन माणसाच्या मुठीवर उतरावे, एवढेच या साऱ्या खटाटोपाचे साध्य असते.

नव्याने धरलेल्या ससाण्याच्या खालच्या पापण्यांतून सुईने बारीक दोरा ओवून तो डोक्यावरून बांधावयाचा, जेणेकरून त्याची दृष्टी झाकली जाईल, येथून फ्रेडरिक आरंभ करतो. आपल्याकडील बाजदारही हेच करीत. ऐकताना अंगावर काटा येतो; परंतु जे भय पाहण्यातून उपजते ते पाहणेच काही काळ थांबविल्यावाचून हा पक्षी अन्नाला शिवत नाही, हा त्यामागील अनुभव. मग पायांत मऊ चामड्याच्या वाद्या, एक घुंगरू, आणि अंधाऱ्या खोलीत बाजदाराची मूठ. दिवसच्या दिवस त्याला मुठीवर घेऊन हिंडावयाचे, खाऊ घालताना प्रत्येक वेळी तोच एक सूर गुणगुणावयाचा, म्हणजे पुढे तो सूर कानी पडताच अन्नाची आठवण व्हावी. मांस नसेल तर दुधात शिजविलेले अंडे द्यावे असे सम्राट लिहितो, आणि ते कसे शिजवावे हेही सांगतो! पक्षी स्थिरावला की पापण्यांचा दोरा थोडा सैल करावयाचा, तोही मंद उजेडात. मग आणखी थोडा. प्रकाश, माणसाचा चेहरा, कुत्रे, घोडा, लोकांची वर्दळ यांपैकी प्रत्येकाशी त्याची ओळख निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या वेळी. चिडून त्याने मुठीवरून झेप घेतली आणि वाद्यांना उलटा लटकला तर त्याला हळुवार हाताने परत वर घ्यावयाचे. झटका द्यावयाचा नाही. त्याची झेप कशामुळे झाली, पुढची झेप येण्यापूर्वी त्याच्या अंगात कोणती चिन्हे दिसतात, याचे वर्णन करीत फ्रेडरिक पानांमागून पाने लिहितो. ती वाचताना जाणवते ते हे की हा मजकूर ऐकीव नसून ज्याच्या स्वतःच्या मनगटाला त्या झेपांचे हिसके बसले आहेत अशा माणसाचा आहे.

पुढे मग आमिषाची पाळी. क्रौंच पक्ष्याचे पंख एकत्र बांधून त्यांना मांस अडकवावयाचे, ते हवेत फिरवीत विशिष्ट हाक घालावयाची, आणि लांब दोरीला बांधलेल्या ससाण्याला त्याकडे बोलवावयाचे. आणि एके दिवशी ती दोरीही सोडावयाची. तो दिवस प्रत्येक बाजदाराच्या परीक्षेचा.

बाजदार कसा असावा याविषयी सम्राटाने केलेली अपेक्षा वाचनीय आहे. तो फार उंच नसावा, फार बुटका नसावा. स्मरण चांगले, नजर तीक्ष्ण, कान तयार, अंगात धाडस. झोप हलकी असावी, म्हणजे रात्री घुंगराचा आवाज झाला तर जाग येईल. तो खादाड नसावा, दारुडा तर मुळीच नसावा, आणि रागीट नसावा, कारण रागाच्या एका क्षणात कित्येक महिन्यांचे काम वाया जाते. शिवाय त्याला पोहता आले पाहिजे. ससाणा पाण्यापलीकडे जाऊन बसला आणि पार जाण्यास उतार नसला तर बाजदाराने पोहून पलीकडे गेले पाहिजे. ग्रंथाच्या हस्तलिखितात या ठिकाणी चित्र आहे: तळ्याच्या काठावर कपड्यांचा ढीग पडला आहे आणि उघडा बाजदार पाणी कापीत आपल्या पक्ष्याकडे निघाला आहे. त्या चित्राची छापील प्रतिकृती मी बराच वेळ पाहत बसलो होतो. राजांच्या आश्रयाने चितारलेल्या ग्रंथांत सिंहासने, लढाया आणि मिरवणुका पुष्कळ आढळतात. चाकरी करणाऱ्या सामान्य माणसाने आपल्या कामासाठी कपडे उतरवून थंड पाण्यात उडी घ्यावी आणि चित्रकाराने ती टिपून ठेवण्यायोग्य मानावी, असे क्वचितच घडते.

अशा शिस्तीत वाढलेल्या दृष्टीने मग ग्रंथांतील वचनांकडे पाहावयास आरंभ केला. मायकेल स्कॉट या पंडिताने ॲरिस्टॉटलचे प्राणिशास्त्र अरबीवरून लॅटिनमध्ये आणले होते आणि तोच पुढे फ्रेडरिकच्या दरबारी ज्योतिषी होता. ॲरिस्टॉटलचा शब्द म्हणजे त्या काळच्या विद्यापीठांत श्रुतिवचन. फ्रेडरिकने प्रस्तावनेतच लिहिले की, योग्य तेथे आपण त्याला अनुसरलो आहोत. परंतु पक्ष्यांच्या बाबतीत अनुभवाशी त्याचे म्हणणे पुष्कळदा जुळत नाही, कारण त्याने पक्ष्यांकरवी शिकार क्वचितच केली असेल किंवा केलीच नसेल, आणि इतरांकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने लिहून ठेवल्या आहेत. ज्या वस्तू जशा आहेत तशा दाखविणे हा आपला हेतू, असे तो सांगतो.

हे नुसते बोलणे नव्हते. गिधाडे वासाने मेलेले जनावर हुडकतात असा समज होता. फ्रेडरिकने गिधाडांचे डोळे बाजदारांच्या पद्धतीने पूर्ण शिवून घेतले, नाक मोकळे ठेवले, आणि त्यांच्यापुढे मांस टाकले. त्यांना ते कळले नाही. म्हणजे शोध डोळ्यांचा, नाकाचा नव्हे. उत्तरेकडील एका जातीचे हंस समुद्रातील लाकडांना चिकटलेल्या शिंपल्यांतून जन्मतात अशी कथा युरोपभर सांगितली जात असे. सम्राटाने माणसे धाडून तसली लाकडे मागविली, शिंपले उघडून पाहिले, आत पक्ष्यासारखे काहीच दिसले नाही, तेव्हा त्याने लिहिले की या पक्ष्यांची घरटी दूर, कोणी न पाहिलेल्या प्रदेशात असल्यामुळेच ही कल्पना निघाली असावी. कोणीतरी लहानशा पक्ष्याचे घरटे आणून दिले, त्यात एक भलतेच पिल्लू होते. ते त्याने वाढविले, आणि तो कोकीळ जातीचा परभृत निघाला. शहामृगाची अंडी उन्हात उबवता येतात काय हे पाहण्यासाठी इजिप्तहून जाणकार आणवून अपुलियाच्या उन्हात त्याने तो प्रयोग करविला. क्रौंचांच्या उडत्या रांगेत पुढचा पक्षी थकल्यावर मागे जातो आणि दुसरा त्याची जागा घेतो, हेही त्याने पाहून टिपले.

ग्रंथाचे सहा भाग. पहिला सर्व पक्ष्यांच्या शरीरांचा, स्थलांतराचा आणि उड्डाणाचा; दुसरा ससाण्यांच्या जातींचा आणि शिक्षणाचा; तिसरा आमिषाचा; चौथ्यात उत्तरेकडील प्रचंड ससाण्यांकरवी क्रौंचांची शिकार, पाचव्यात चरगाकरवी बगळ्यांची, आणि सहाव्यात बहिरी ससाण्याकरवी पाणपक्ष्यांची. यांतील क्रौंचाची शिकार त्याला सर्वांत उदात्त वाटे. क्रौंच ससाण्याहून कितीतरी मोठा, बळकट, आणि जमिनीवर आल्यावर चोचीने व पायांनी प्राणघातक प्रहार करणारा. म्हणून ससाण्याच्या मदतीस धावून जाईल असा शिकारी कुत्रा निराळा शिकवावा लागे. शिकारीतून किती मांस मिळाले हा हिशेब त्याच्या लेखी गौण होता. पोट भरण्यासाठी शिकार करणारा खरा बाजदार नव्हे, हे तो निःसंदिग्धपणे सांगतो.

मोहिमांत असतानाही हे वेड सुटत नसे. १२३९-४० या वर्षांच्या त्याच्या दफ्तराचा जो तुकडा शिल्लक राहिला होता त्यात लोम्बार्डीतील युद्धाच्या छावणीतून सुटलेले खलिते आहेत, आणि त्यांत सैन्याची रसद, किल्ल्यांची डागडुजी, करांची वसुली यांच्या शेजारी अमुक ससाणा कसा आहे, अमुक बाजदाराला वेतन पोचले काय, कोणते पक्षी पाठवावे, अशी विचारणा आहे. युरोपवर मोंगलांच्या स्वारीची छाया पडू लागली त्या सुमारास एक आख्यायिका पसरली: खानाने फ्रेडरिकला शरण येण्यास फर्माविले आणि आपल्या दरबारात हवे ते पद मागून घे म्हणून कळविले, तेव्हा सम्राट म्हणाला की, मला पक्ष्यांचे बरे ज्ञान आहे, बाजदाराची जागा मिळाली तर पुरे. समकालीन बखरकाराने नोंदविलेली ही गोष्ट खरी असो वा नसो, लोकांच्या मनात त्याची मूर्ती कशी ठसली होती हे तीतून दिसते.

परंतु ज्या हाताने ससाण्याच्या पापण्यांचा दोरा दिवसागणिक केसभर सैल केला त्याच हाताने माणसांना वागविताना ती सबुरी दाखविली नाही, ही गोष्ट झाकून ठेवणे इतिहासाशी बेइमानी होईल. पार्माच्या पराभवानंतर त्याचा संशय वाढत गेला. सामान्य स्थितीतून वर येऊन ज्याने वर्षानुवर्षे त्याच्या वतीने राज्याचे सारे खलिते लिहिले तो पिएर देल्ला विन्या १२४९ मध्ये फितुरीच्या आरोपावरून पकडला गेला, आणि सम्राटाच्या हुकुमाने त्याचे डोळे काढण्यात आले. थोड्याच काळात तो मेला. गुन्हा काय होता यावर आजतागायत पंडितांत वाद आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सम्राटाचा लाडका मुलगा एन्झो फोस्साल्ताच्या लढाईत बोलोन्याकरांच्या हाती सापडला. बापाप्रमाणेच पक्ष्यांचा शौकीन असलेला हा राजपुत्र पुढील बावीस-तेवीस वर्षे त्या शहराच्या कैदेत राहून तेथेच वारला. फ्रेडरिक त्यापूर्वीच, १३ डिसेंबर १२५० रोजी, अपुलियातील कास्तेल फिओरेन्तिनो येथे मरण पावला. त्याची तांबड्या पाषाणाची शवपेटी पालेर्मोच्या मुख्य देवळात आहे.

लुटीत गेलेल्या ग्रंथाचे पुढे काय झाले? सोळा-सतरा वर्षांनी मिलानचा एक व्यापारी गुलिएल्मो बोत्ताती याने आंजूच्या चार्ल्सला पत्र लिहून एक अपूर्व ग्रंथ विकत घेण्याची विनंती केली. पत्रात त्याने ग्रंथाचे वर्णन दिले आहे: मोठा आकार, सोन्यारुप्याचे काम, सम्राटाची प्रतिमा, ससाण्यांची आणि कुत्र्यांची चित्रे. पार्माच्या छावणीतील ग्रंथ तो हाच. चार्ल्स म्हणजे फ्रेडरिकच्या वंशाचे राज्य हिरावून घेण्यासाठी पोपने बोलावलेला फ्रेंच राजपुत्र. त्याने तो विकत घेतला की नाही याचा माग लागत नाही, आणि त्यानंतर तो ग्रंथ कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.

ग्रंथ मात्र बुडाला नाही, आणि तो वाचविला सम्राटाचा मुलगा मान्फ्रेड याने. सिसिलीचा राजा झाल्यावर बापाच्या पुस्तकाची जी काही प्रत हाती होती ती वाचताना त्याला जागोजागी त्रुटी आढळल्या; एके ठिकाणी एक पूर्ण प्रकरणच गळले आहे असे वाटले, तेव्हा त्याने शोध करविला, आणि बापाच्या कागदपत्रांच्या जुड्यांत व टिपणांत ते सापडले तसे योग्य जागी बसविले. जेथे त्याला स्वतःहून काही भर घालावीशी वाटली तेथे ती घातली, परंतु प्रत्येक ठिकाणी ‘राजा’ किंवा ‘राजा मान्फ्रेड’ अशी खूण आरंभी केली, म्हणजे बापाचे कोणते आणि मुलाचे कोणते हे वाचणाऱ्याला कळावे. आजच्या संपादकांनीही धडा घ्यावा अशी ही काळजी. मला तीत निव्वळ पांडित्याहून काही अधिक दिसते. पार्माच्या वेढ्याच्या दिवसांत मान्फ्रेड सोळा वर्षांचाही नव्हता.

२६ फेब्रुवारी १२६६ रोजी बेनेव्हेन्तोच्या रणांगणावर त्याच चार्ल्सशी लढताना मान्फ्रेड पडला. दोन वर्षांनी फ्रेडरिकचा सोळा वर्षांचा नातू कोनराडिन याचा नेपल्सच्या बाजारचौकात शिरच्छेद करण्यात आला, आणि त्या घराण्याचे राज्य संपले. मान्फ्रेडने सिद्ध केलेली सचित्र प्रत मात्र हातोहात फिरत राहिली. जर्मनीत ती पोचली, १५९६ मध्ये ऑग्सबुर्ग येथे तिच्यावरून ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला, पुढे ती हायडेलबर्गच्या प्रख्यात ग्रंथसंग्रहात राहिली, आणि तीस वर्षांच्या युद्धात हा सारा संग्रह बव्हेरियाच्या माक्सिमिलियनने पोपला नजर केला तेव्हा ती व्हॅटिकनमध्ये आली. ज्या सम्राटाला एकामागून एक पोपांनी बहिष्कृत केले आणि अखेर पदच्युत जाहीर केले त्याचे पुस्तक आज पोपच्या ग्रंथागारात जपून ठेवलेले आहे. छावणीतून सुटलेल्या त्या ससाण्यांविषयीच्या खलित्यांचे मूळ दफ्तर मात्र १९४३ च्या सप्टेंबरअखेर, नेपल्सजवळ सुरक्षित म्हणून हलविलेल्या जागी, जर्मन सैनिकांनी लावलेल्या आगीत जळून गेले. त्याआधी झालेल्या नकला आणि छायाचित्रे यांवरून आता ते वाचावे लागते.

व्हॅटिकनच्या त्या प्रतीत एकशे अकरा पाने आहेत आणि सहांपैकी पहिले दोनच भाग. समासांतून शेकडो पक्षी फिरत असतात: पाणकोंबडी, मोर, बगळे, घुबडे, रांगेने उडणारे क्रौंच, आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी मुठीवर ससाणा घेऊन उभे असलेले बाजदार. रंग अजून ताजे वाटतात. अखेरच्या काही पानांवर मात्र चित्रकाराने केवळ रेषा काढलेल्या आहेत. बाजदार आहे, त्याची पुढे केलेली मूठ आहे, मुठीवर पक्षी आहे, आणि रंग भरावयाचे राहून गेले आहेत.